भोवत्यासाठी ट्रायपॉड? नकोच

हरभरा फुलात आला की भोवत्या रानावर दिसायला लागतो. टोळ, उंदीर टिपतो, म्हणजे आपलाच गडी. त्याचे फोटो टाकले की हमखास विचारणा येते, ट्रायपॉड कोणता घेऊ? माझं मत सरळ आहे: उडत्या पक्ष्यासाठी घेऊच नका.

मी घेतला होता, फसलो. भोवत्या पिकावरून पुरुषभर उंचीनं येतो आन् अचानक गिरकी मारतो. तोवर आपण हेडचा स्क्रूच ढिला करत बसतो. भिजवलेल्या रानात पाय रुततात, ढेकळांत सारखे बसत नाहीत. गिम्बल हेडवर लेन्स तोलून राहते, हलकी फिरते, हे खरं. पण ते ओझं बांधाबांधानं कोण वागवणार?

१५०-६०० ची लेन्स दोन किलोच्या आसपास भरते. तेवढं हातावर पेलतं. कोपरं बरगडीला टेकवा, शटर १/२००० च्या पुढं ठेवा, कमरेतून वळा. हात भरून आले तर मोनोपॉड. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप मारतं, पक्ष्याचा वेग नाही.

आन् हे नुसतं शोभेसाठी नाही. माँटेग्यू भोवत्याच्या नराला पंखावर आडवी काळी पट्टी असते, पांढुरक्या भोवत्याच्या नराला फक्त टोकाशी काळी पाचर. फोटो हलला तर रानात कोण येऊन गेलं हे वहीत काय लिहिणार?

बसलेल्या पक्ष्याला ज्वारी भरलेली पिशवी बांधावर ठेवा, तिच्यावर लेन्स टेकवा. बास. माझा ट्रायपॉड कुणाला हवा असेल तर घेऊन जा, सध्या त्यावर दोडक्याचा वेल चढलाय.