आधी एक भाषा पक्की करा

बारावीचा निकाल लागला की आमच्या उचगावातली पोरं आणि त्यांचे आई-वडील मला हमखास विचारतात, 'सर, पायथन करू की जावा?' सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्याने मी एकच सांगतो: कोणतीही एक घ्या, पण अर्धवट सोडू नका.

तीन महिन्यांत सहा भाषा शिकवणाऱ्या क्लासची प्रमाणपत्रं घेऊन मुलं मुलाखतीला येतात आणि साधा लूप लिहिताना अडखळतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती फी अनेकदा उसाच्या किंवा दुधाच्या बिलातून आलेली असते.

त्या दुधाच्या बिलातच उत्तम अभ्यास आहे. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) नोंदतात. फॅट-एसएनएफवरून दर ठरतो, गाई-म्हशीचा वेगळा. दहा दिवसांनी बिल निघतं. हा हिशेब स्वतः प्रोग्रॅममध्ये मांडा. एका वेळेचं दूध आलंच नाही तर? बिलात दहा पैशांचा फरक पडला तर चूक कुठे? अट, लूप, फंक्शन, डेटाबेसचं टेबल, सगळं यात येतं.

मग पुढची भाषा कामाकडे बघून निवडा. बँका आणि मोठ्या कंपन्यांसाठी जावा, वेबसाइटसाठी जावास्क्रिप्ट, डेटा आणि एआयसाठी पायथन. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दिसतात तशा यंत्रांच्या कंट्रोलरमध्ये रस असेल, तर सी निवडा. डेटाबेससाठीचं एसक्यूएल मात्र प्रत्येकाला हवंच.

फॅशनच्या मागे धावू नका. १९७२ च्या सुमाराची सी आणि १९९५ ची जावा आजही पगार देतात. एकेकाळी गाजलेलं फ्लॅश २०२० अखेर बंद झालं. ज्यांचा पाया पक्का होता, त्यांना दुसरीकडे वळणं सोपं गेलं. आता एआय कोड लिहून देतं, पण तो बरोबर आहे का हे तपासायला जाणकार माणूसच लागतो.

पैसे नसतील तरी अडत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही धडे मोफत आहेत.

पालकांना माझी विनंती आहे. क्लासची फी भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला एक तरी पूर्ण, चालणारा प्रोग्रॅम दाखवायला सांगा. तो दाखवता आला नाही, तर पैसे भरू नका.