भाड्याने दिलेली जागा : वहीबाहेरचा व्यवहार

ज्या पेढीवर चार आण्यांची उधारीही वहीत चढल्याशिवाय राहत नाही, त्याच पेढीच्या मालकाचा दुसरा फ्लॅट मात्र पुष्कळदा केवळ शब्दावर दिलेला असतो. भाडेकरू ओळखीचा असतो, कोणाच्या तरी मेहुण्याचा मित्र असतो, कधी आपल्याच पेठेतील जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा असतो. त्याच्याकडे कागद मागणे संकोचाचे वाटते. मालाच्या व्यवहारात हा संकोच कधी आड येत नाही. जागेच्या व्यवहारात तो का यावा, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. हजाराचा माल बुडाला तर हजारच जातात. साठ-सत्तर लाखांची जागा अडकली तर एका पिढीची बचत अडकते.

जुन्या मंडळींच्या मनात भाडेकरूविषयी जी भीती आहे, ती निराधार नाही. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांच्याकडे परवान्याने जागेचा ताबा होता, असे असंख्य परवानाधारक कायद्याने थेट भाडेकरू ठरले. ज्यांनी वर्ष-दोन वर्षांसाठी म्हणून जागा दिली होती, त्यांच्या नातवंडांनाही ती परत मिळाली नाही, अशी उदाहरणे मुंबईच्या जुन्या वस्त्यांत आजही आढळतात. त्यातूनच ‘घर रिकामे राहिले तरी चालेल, पण भाड्याने नको’ ही वृत्ती रुजली.

ती परिस्थिती मात्र पालटली आहे. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 अमलात आला. त्यातील कलम 24 राहत्या जागेच्या मालकासाठी मोलाचे आहे. लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपली आणि परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर मालकाला दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारातील मजकूर तेथे निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी मूळ शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई देण्याची जबाबदारी परवानाधारकावर येते. हे सारे संरक्षण कागदाला आहे, शब्दाला नाही.

त्याच कायद्याचे कलम 55 मालकावर आणखी एक कर्तव्य टाकते. करार लेखी असला पाहिजे व तो नोंदवलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ ही समजूत 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली आहे. तेथे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती. महाराष्ट्रात या समजुतीला आज आधार नाही. नोटरीपुढे केलेला स्टॅम्पपेपर म्हणजे नोंदणी नव्हे, हेही येथेच सांगितलेले बरे.

खर्चाची सबब पुढे केली जाते. तो खर्च पाहावा. समजा, दरमहा 20,000 रुपये शुल्क, परत करावयाची अनामत 1 लाख रुपये आणि मुदत 24 महिने. शुल्काचे 4,80,000 रुपये, त्यात अनामतीवर दरसाल 10 टक्क्यांप्रमाणे धरलेले दोन वर्षांचे व्याज 20,000 रुपये. एकूण 5 लाख. त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 1,250 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. नोंदणी आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाण्याचीही गरज उरलेली नाही. पाच लाखांच्या व्यवहाराचे रक्षण सुमारे अडीच हजारांत होत असताना ते टाळणारा व्यापारी आपल्या मालाचा विमा तरी कशासाठी उतरवतो?

अनामतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. व्यापारी कुटुंबांत ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत प्रिय आहे. भाडे नाममात्र, पण आठ-दहा लाखांची ठेव हाती येते आणि ती दुकानाच्या भांडवलात मिसळून जाते. बिनव्याजी पैसा म्हणून तो गोड वाटतो. परंतु ते उत्पन्न नव्हे, ते देणे आहे, आणि मुदत संपण्याच्या दिवशी एकरकमी द्यावयाचे देणे आहे. त्या दिवशी पैसा उधारीत अडकलेला असेल, तर भाडेकरू ‘रक्कम द्या, मग किल्ली घ्या’ म्हणून जागेतच बसतो, आणि त्याचे म्हणणे न्यायाचेच असते. करारपत्रात मालकाची बाजू कितीही भक्कम असली तरी अशा वेळी ती निरुपयोगी ठरते. म्हणून अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घ्यावी, वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावी आणि दुकानाच्या गल्ल्याचा तिला स्पर्श होऊ देऊ नये. ती चेकने अथवा बँकेमार्फतच घ्यावी. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम ठेव म्हणून रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि तिचा दंड त्या रकमेइतकाच असतो.

आता बाजारपेठेतील गाळ्याविषयी. येथे अनेकांची फसगत होते. कलम 24 ची जलद वाट केवळ राहत्या जागेसाठी आहे. दुकान, गोदाम, कचेरी यांचा करार नोंदवला तरी मुदतीनंतर ताबा घेण्यासाठी न्यायालयातच जावे लागते. मुंबईत लघुवाद न्यायालयात. त्यामुळे गाळा देताना माणसाची पारख अधिक कसोशीने करावी, मुदत मर्यादित ठेवावी आणि मुदत संपताच नवा करार झाल्याशिवाय पुढील महिन्याचे भाडे मुकाट्याने स्वीकारू नये. धंदा जमलेला गाळा सोडणे कोणालाही जड जाते, हे दुकानदाराला वेगळे सांगावयास नको.

जीएसटीचा हिशेबही गाळ्याबाबत वेगळा आहे. कुटुंबाने स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या भाड्यावर हा कर नाही. गाळ्याच्या भाड्यावर तो 18 टक्के आहे. ज्याच्या नावावर गाळा आहे तोच मनुष्य आपल्या व्यवसायासाठी जीएसटीखाली नोंदलेला असेल, तर भाडे दरमहा दहा हजार असले तरी कर आकारावा लागतो, कारण नोंदणी पॅनवर होते, दुकानागणिक नव्हे. मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत व्यापारी असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून सर्वसाधारणपणे हा कर भाडेकरूने स्वतः भरावयाचा आहे. करारात ‘कर वेगळा’ हे दोन शब्द नसले की पुढे वाद ठरलेलाच.

भाड्याच्या उत्पन्नाविषयी मात्र भ्रम नसावा. 80 लाखांचा फ्लॅट 20,000 रुपयांना दिला तर वर्षाचे 2,40,000 होतात, म्हणजे तीन टक्के. एक महिना जागा रिकामी राहिली, वीस हजार गेले. सोसायटीचा मासिक खर्च तीन हजार धरला तर छत्तीस हजार, मालमत्ता कर बारा हजार, दलाली व रंगकाम मिळून आणखी वीस हजार. हाती उरतात 1,52,000. दोन टक्क्यांहूनही थोडे कमी. आयकरात मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पण सोसायटीची वर्गणी किंवा रंगाऱ्याचे बिल वेगळे दाखवता येत नाही. कर्ज काढून केवळ भाड्यासाठी घर घेणाऱ्याने हा आकडा व्याजदराशेजारी लिहून पाहावा. जागेची किंमत वाढेल ही आशा वेगळी, आणि दरमहा येणारी रक्कम वेगळी. घरातील वृद्ध आई-वडिलांचा उदरनिर्वाह ज्या भाड्यावर आहे, तेथे दुसऱ्या गोष्टीचाच विचार करावयाचा असतो.

जागा कोणाच्या नावावर आहे, याचा उलगडाही आधी व्हावा. वडील वारले, नाव बदलायचे राहिले, आणि थोरला मुलगा एकटाच करारावर सही करतो, असे सर्रास चालते. सर्व वारसांच्या सह्या किंवा त्यांनी दिलेले मुखत्यारपत्र नसेल तर भावांतील उद्याच्या मतभेदाचा लाभ भाडेकरूलाच होतो. पतीने दिलेल्या पैशांतून पत्नीच्या नावे घेतलेल्या जागेचे भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, हेही विसरू नये.

सोसायटी बिगर-वास्तव्य शुल्क घेऊ शकते. पण 2001 च्या सरकारी आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक असू नये. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणे ही सोपी ऑनलाइन गोष्ट आहे, ती किल्ली देण्यापूर्वी उरकावी. घरातील आहाराविषयी काही अपेक्षा असेल तर ती पहिल्या भेटीतच स्पष्ट बोलावी. बयाणा घेऊन झाल्यावर शेजाऱ्याकरवी निरोप धाडणे कोणालाच शोभत नाही. आणि भाडे थकले म्हणून रागाच्या भरात कुलूप बदलू नये, नळ तोडू नये. तक्रारदार मालक त्यामुळे स्वतःच आरोपी होऊ शकतो.

किल्ली देताना दोघांनी मिळून खोल्याखोल्यांतून फिरावे. पंखे, गिझर, नळ, भिंतींवरचे डाग, वीजमीटरचा आकडा हे सारे एका कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात, मोबाइलवर छायाचित्रे काढावीत. दोन वर्षांनी तोच कागद हातात घेऊन पुन्हा फिरावे, वीजबिलाची बाकी पाहावी, आणि जी वजावट योग्य असेल तेवढीच करून उरलेली अनामत त्याच दिवशी चेकने परत करून पावती घ्यावी.