भेट, नजर आणि बक्षीस

गेल्या वर्षी एका लहान विद्यार्थ्याने सेवानिवृत्त होणाऱ्या गुरुजींना पुस्तक दिले व पहिल्या पानावर लिहिले, 'गुरुजींस बक्षीस'. वर्गात हशा पिकला. मुलाचे डोळे भरून आले. गुरुजींनी मात्र ते पुस्तक दोन्ही हातांनी घेतले. आम्ही त्या मुलास दोष देत नाही. त्यास आजवर बक्षिसेच मिळाली होती. दुसरा शब्द आम्ही वडील मंडळींनी त्यास शिकविला केव्हा?

वस्तू एकच असली तरी ती कोणाकडून कोणाकडे जाते यावर तिचे नाव ठरते. थोराकडून धाकट्याकडे येते ते बक्षीस. धाकट्याकडून थोराकडे जाते ती नजर. आमचे हे शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या दरबारात अशरफी व रुपये 'नजर' करीत. आप्तसोयऱ्यांत चालतो तो अहेर, देवापुढे ठेवावयाचे ते अर्पण, आणि स्नेह्यास द्यावयाची ती भेट. आता पुंडलिकनगरातील कोणत्याही लग्नघरी पाहावे, तो स्टीलच्या डब्यापासून भिंतीवरील घड्याळापर्यंत सर्वांवर एकच 'सप्रेम भेट'! आजोबांस 'सादर' व मित्रास 'सप्रेम', एवढा भेद तरी राहावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुने सारेच मायने परत यावेत, असे मात्र आम्ही म्हणत नाही. 'राजमान्य राजश्री'चे 'रा. रा.' झाले आणि तेही गेले, त्याने कोणाचे काही अडले नाही. विधवेच्या नावाआधी 'गंगाभागीरथी' लिहून तिचे दुःख पाकिटावर मिरविण्याची रीत गेली, ती तर उत्तमच झाले.

चिनी लोकांत या बाबतीत मोठी नाजूक रीत आहे. भेट घेणाराच्या नावाखाली 'हुइ-त्सुन' लिहितात. म्हणजे कृपा करून हे जपून ठेवावे. स्वतःचा ग्रंथ देणारा 'फू-चङ' लिहितो; म्हणजे कुऱ्हाडीने दुरुस्त करावा! यामागे च्वांग-त्सू या प्राचीन ग्रंथातील गोष्ट आहे. एका मनुष्याच्या नाकावर माशीच्या पंखाइतका पातळ चुना लागला होता; सुताराने कुऱ्हाड फिरवून तो उडविला आणि नाकास ओरखडाही येऊ दिला नाही. तुम्ही तसे निपुण आहात, माझे दोष तेवढे काढा, असा त्या दोन अक्षरांचा भाव. आमच्याकडील 'फूल ना फुलाची पाकळी' याच जातीचे आहे. परंतु ते आम्ही तोंडाने म्हणतो, लिहीत नाही.

यंदाच्या समारंभात पाहुण्यांस द्यावयाच्या पुस्तकांवर छापील चिठ्ठी न चिकटविता विद्यार्थ्यांनीच मजकूर लिहावा, अशी आमची सूचना आहे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. तो मुलगा आता वरच्या वर्गात आहे. पहिले पुस्तक त्याच्याच हाती द्यावे.