पायथन किती?

हिंजवडीत राहणाऱ्याला नुसता ‘हिंजवडी’ एवढा पत्ता सांगून भागत नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कची पहिली फेज वेगळी, दुसरी वेगळी आणि तिसरी तर संध्याकाळच्या रहदारीत परगावच म्हणावी! तुम्ही तिसऱ्या फेजमध्ये डब्याची वाट पाहत बसावे आणि डबेवाल्याने तो पहिल्या फेजमध्ये पोचता करावा, असेही घडते. ‘डबा दिला’ हे त्याचे म्हणणे खरे, ‘मिळाला नाही’ हे तुमचेही खरे. उपाशी मात्र तुम्ही!

पायथन लिहिणाऱ्या मंडळींची अगदी अशीच उपासमार होते. पायथन म्हणजे इथे अजगर नव्हे बरे का! गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली ही संगणकाची भाषा जगापुढे ठेवली, आणि नाव घेतले ते मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून. या भाषेत सारेच स्वतः रांधावे लागत नाही. तक्त्यांसाठी ‘पांडाज’, आकडेमोडीसाठी ‘नमपाय’ अशा दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या लायब्ऱ्या ‘पिप’ नावाच्या हरकाम्याकडून मागवायच्या आणि ‘इम्पोर्ट’ म्हणून वापरायच्या.

आमच्या कचेरीत गेल्या पावसाळ्यात लातूरकडची एक मुलगी रुजू झाली. घरातली पहिली पगारदार. पहिल्याच आठवड्यात ती पांडाजपाशी अडली. पिप म्हणे, ‘हे तर आधीच बसवलेले आहे.’ एडिटर म्हणे, ‘मोड्यूल नॉट फाउंड.’ दोन दिवस तिने तेच पुन्हा पुन्हा बसवले. तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच म्हणाली, “सर, मला हे जमायचं नाही. बाबांना तसं कळवून टाकते.”

मी म्हटले, “अगं, तुझ्या यंत्रावर पायथन किती?”

“किती म्हणजे? एकच!”

निघाले तीन. एक नेहमीचे, एक ‘अ‍ॅनाकोंडा’बरोबर आलेले आणि एक त्या कामापुरते केलेले ‘व्हेन्व्ह’. ही वेगळ्या चुलीची सोय २०१२ पासून पायथनमध्येच आहे, आणि ती हवीच. एका कामाला पांडाजची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी; एका फडताळात दोन्ही नांदत नाहीत. पण प्रत्येक पायथनचे फडताळ वेगळे. पिपने माल एकात ठेवला होता आणि एडिटर दुसऱ्यात हुडकत होता.

इलाज सोपा. कार्यक्रमात आधी ‘इम्पोर्ट सिस’ आणि खाली ‘प्रिंट’च्या कंसात ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ लिहायचे, की आपण कोणत्या पायथनच्या घरी आहोत त्याचा पत्ता छापून येतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकदम दाबून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ निवडावे आणि त्यातून आपल्या कामाचे पायथन नेमून द्यावे. मग नवे टर्मिनल उघडून नुसते ‘पिप’ न म्हणता ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज’ म्हणावे. म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच फडताळात माल पडतो. नोटबुक वापरत असाल तर त्याचा ‘कर्नल’ निराळा निवडावा लागतो. आणि नुसतीच नागमोडी रेघ दिसत असेल, पण कार्यक्रम चालत असेल, तर माल जागेवर आहे, एडिटरच भलत्या घरात डोकावतो आहे असे समजावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर नावे तपासावीत. काही लायब्ऱ्यांचे पाळण्यातले नाव एक आणि हाकेचे दुसरे. मागवायचे ‘ओपनसीव्ही-पायथन’, हाक मारायची ‘सीव्ही-टू’. मागवायचे ‘पिलो’, हाक ‘पीआयएल’. मात्र अंदाजाने नावे ठोकून काहीबाही मागवू नये. प्रसिद्ध नावात एखादे अक्षर फिरवून विषारी माल ठेवणारे भामटे याही बाजारात आहेत. आणि स्वतःच्या फाइलला ‘पांडाज’ हे नाव तर मुळीच देऊ नये. पायथन आधी घरातल्यालाच गाठते आणि बाहेरचा पाहुणा दारातच राहतो!

पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतून आज एखादा चिरंजीव किंवा कन्या असल्या तांबड्या अक्षरांसमोर बसलेली असते. तो मजकूर त्यांना स्वतःवरचा निकाल वाटतो. यंत्राचे म्हणणे एवढेच असते, की मी पाहिले तिथे वस्तू नाही. ती जगात नाही, किंवा तुम्हाला अक्कल नाही, असे ते बिचारे कुठे म्हणते?

बाबांना ते पत्र गेले नाही. हल्ली नवी पोरे तिच्याच टेबलाशी येतात. ती त्यांचे गाव विचारते, चहा मागवते आणि मग गंभीर चेहऱ्याने विचारते, “पायथन किती?”