वेगाला वस्ताद हवा

कोल्हापूरच्या विमानतळालगत वसलेल्या गडमुडशिंगीसारख्या गावांना शर्यतीचे वेड नवे नाही. २०१४ साली बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा करवीर परिसरात हळहळ व्यक्त झाली होती. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला तेव्हा तितकाच आनंदही झाला. मात्र त्याच घरांतील मुले मोबाइलच्या पडद्यावर जी शर्यत पळवितात, तिच्याकडे वडीलधारी मंडळी केवळ कपाळाला आठ्या घालून पाहतात. हा दुजाभाव तपासून पाहण्याजोगा आहे.

भविष्यकाळातील, जमिनीला न टेकणाऱ्या वाहनांच्या शर्यतीचा खेळ जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९९० साली ‘एफ-झीरो’ या नावाने आणला. तो एकट्याने खेळावयाचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचाच नवा अवतार निघाला. त्यात नव्याण्णव खेळाडू एकाच वेळी धावतात. या नव्या खेळातील एक नियम शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. वेग एकदम वाढवावयाचा तर वाहनाला स्वतःचीच शक्ती खर्च करावी लागते, आणि कठड्यावर आदळल्यानेही तीच शक्ती घटते. ती संपली की वाहन नष्ट होते. म्हणजे नुसता अंगठा दाबून ही शर्यत जिंकता येत नाही. कोठे आवरावे आणि कोठे झेप घ्यावी, याचा विवेक तेथेही लागतोच.

मग आक्षेप कशाला? खेळ वाईट म्हणून नव्हे, तर तो निर्नायकी आहे म्हणून. बैलगाडीच्या फडात हरणारा आणि जिंकणारा समोरासमोर असतात. पंच असतात, गाव पाहत असते. पडद्यावरील अठ्ठ्याण्णव प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाचाही चेहरा मुलाला दिसत नाही, आणि मूल काय खेळते हे घराला दिसत नाही. हरल्यावर पाठीवर हात ठेवणारे तेथे कोणी नसते.

या पोकळीतूनच दोन धोके उद्भवतात. पहिला पैशाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-क्रीडेला मान्यता दिली. हा भेद योग्यच आहे. परंतु तो पालकांना समजावून सांगितल्यावाचून कायदा कागदावरच राहील. दुसरा धोका रस्त्याचा. पडद्यावर वाहन फुटले तर पुढच्या क्षणी नवा डाव मांडता येतो. रहदारीच्या रस्त्यावर ती सवलत नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात झाली आहे. तरीही परवाना नसलेल्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली कौतुकाने देणारे वडील, तेच मूल मोबाइलवर खेळू लागले की संतापतात! यांतील अधिक घातक काय, हे निराळे सांगावयास नको.

कोल्हापूरला याबाबतीत बाहेरून धडे घेण्याची गरज नाही. तरुणांच्या अंगातील रग दडपून टाकण्याऐवजी तिला तालीम, आखाडा आणि वस्ताद देणारे हे शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ पासून त्याची साक्ष देत आहे. दांडगाईची कुस्ती झाली ती नियमांमुळे आणि वस्तादाच्या धाकामुळे. पडद्यावरील वेगालाही तोच न्याय लावावयास हवा. शाळांनी आणि गावच्या वाचनालयांनी आठवड्यातून एखादा तास ठरवून मुलांना एका खोलीत, समोरासमोर बसवून हे सामने खेळू द्यावेत. पैसा नाही, वेळेची मर्यादा आहे, आणि शेजारी जाणता माणूस आहे, एवढ्या तीन अटी पुरेत. त्यासाठी शिक्षकाला खेळ यावाच लागतो असे नाही. हरलेल्या मुलाशी कसे बोलावे, हे त्याला येते, आणि उणीव आहे ती त्याचीच.

बंदीने मूल मोबाइल खाली ठेवीत नाही. तो घेऊन ते अंधाऱ्या कोपऱ्यात जाते. त्याला उजेडात आणून बसविणे हेच वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.