वाळीत टाकलेले औषध

माणसांप्रमाणे औषधांवरही शिक्के बसतात, आणि एकदा बसलेला शिक्का सहसा पुसला जात नाही. थॅलिडोमाइडचेच पाहा. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते शांत झोपेचे निर्धोक औषध म्हणून विक्रीला आले. गरोदर बायकांनीही ते विश्वासाने घेतले. मग हातापायांची वाढ खुंटलेली हजारो बालके जन्माला आली आणि १९६१च्या नोव्हेंबरात कंपनीला ते मागे घ्यावे लागले. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी, पुरावा अपुरा आहे म्हणून, त्याला परवानगीच दिली नव्हती.

असे बदनाम औषध पुन्हा हाती धरायचे धाडस कुणी करावे? ते केले डॉ. बार्ट बार्लोगी यांनी, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात. त्यांचे रुग्ण होते मल्टिपल मायलोमाचे. हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. तो हाडे पोखरतो, रक्त आटवतो, मूत्रपिंडे निकामी करतो. साधी पाठदुखी समजून घरोघरी शेक घेतला जातो आणि निदानाला उशीर होतो.

कर्करोगाला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्यांची रसद लागते, असे बोस्टनचे ज्यूडा फोकमन १९७१पासून सांगत होते. थॅलिडोमाइड ही रसद तोडते, हे त्यांचे सहकारी रॉबर्ट डी'अमाटो यांनी १९९४मध्ये दाखवले. मायलोमा झालेल्या एका डॉक्टरच्या पत्नीने फोकमन यांना गाठले आणि ही कल्पना बार्लोगींपर्यंत पोचली. तो रुग्ण काही वाचला नाही. पण संशोधन थांबले नाही. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ८४ रुग्णांवरील प्रयोगाचा अहवाल १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या लेखिका होत्या सीमा सिंघल. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांचे रोगदर्शक प्रथिन निदान पाव हिश्शाने तरी घटले होते. २००६मध्ये अमेरिकेने नव्या मायलोमा रुग्णांसाठी हे औषध एका स्टिरॉइडच्या जोडीने मंजूर केले.

गंमत अशी, की केवळ रसद तोडल्याने हा गुण येत नव्हता. थॅलिडोमाइड पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१०मध्ये शोधले. मायलोमाच्या पेशी मारणारी आणि गर्भाला इजा करणारी वाट तिथूनच फुटते. म्हणजे गुण आणि दोष एकाच मुळाचे!

म्हणूनच 'नियमांच्या जाचामुळे नवी औषधे अडतात' ही ओरड मला पटत नाही. पुरावा मागणाऱ्या केल्सीबाई आणि पुरावा गोळा करणारे बार्लोगी हे मला एकाच पक्षाचे वाटतात. ब्राझीलमध्ये हेच औषध कुष्ठरोगासाठी वापरात राहिले आणि पुढेही तिथे व्यंग असलेली मुले जन्मली. औषध बदलले नव्हते. पहारा सैल होता.

घरात दुखणे आले की आपण 'हे औषध चांगले ना?' एवढेच विचारतो. त्याऐवजी 'कोणासाठी चांगले, आणि कोणी त्याला हातही लावू नये?' असे विचारायला शिकले पाहिजे. डॉक्टरांनीही त्या प्रश्नाचा राग मानू नये.