हेत्वाभास : आधी आपल्या मुखातील

सायंकाळी जेसल पार्कच्या खाडीकिनारी फिरून परतणारी मंडळी औषधांच्या दुकानापाशी घटकाभर थांबतात. एक गृहस्थ सांगतात, "चार दिवस काढा घेतला आणि सर्दी गेली." दुसरे म्हणतात, "वनस्पतीच ती, तिचा अपाय कसला?" दुकानदार मान डोलावतो आणि तेथे उभा असलेला आपल्यासारखा वैद्यही समाधान पावतो. वस्तुतः सर्दी बहुधा आपोआपच ओसरते. काढ्याचे श्रेय कित्येकदा कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे असते. आणि वनस्पती तर बचनागही आहे.

न्यायशास्त्र ज्याला हेत्वाभास म्हणते, त्या सदोष हेतूला चरकाचार्यांनी 'अहेतु' म्हटले आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वादमार्गाची ४४ पदे सांगताना त्यांनी अहेतूचे प्रकरणसम, संशयसम आणि वर्ण्यसम असे तीन प्रकार दिले. संशयसमाचे त्यांचे उदाहरण आपल्यालाच उद्देशून आहे. आयुर्वेदाचा काही भाग बोलून दाखवणारा मनुष्य वैद्य आहे की नाही, असा संशय असताना, 'तो आयुर्वेदाचा भाग बोलतो, म्हणून वैद्य आहे' असे म्हणणे म्हणजे संशयाचे कारणच निर्णयाचे कारण म्हणून पुढे करणे होय. 'नव' या शब्दाचे नऊ आणि नवा असे दोन अर्थ घेऊन केलेले वाक्‌छलही तेथेच सापडते. आजचे वाक्‌छल याहून निराळे नाही. "आमच्या औषधात रसायन नाही" असे ग्राहकाला सांगणारे आपणच च्यवनप्राशाला अभिमानाने रसायन म्हणतो!

हे सारे आपण परीक्षेपुरते पाठ केले. त्याची खरी कसोटी २०२१ साली लागली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे निरीक्षण मुंबईतील यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केले. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने हा संबंध दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे पृथक्करण झाले नव्हते व ती गुळवेलसदृश दुसरी जातीही असू शकेल, हा त्यातील आक्षेप. २०२२ मध्ये देशातील विविध केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्या काळात आपल्या बैठकांतून काय ऐकू आले? "सहस्रावधी वर्षे गुळवेल वापरात आहे, म्हणून ती निर्धोक आहे." परंतु दहा हजारांत एखाद्याला होणारा अपाय पाचशे रुग्ण पाहणाऱ्या वैद्याच्या दृष्टीस बहुधा पडणारच नाही, शिवाय महासाथीच्या काळात लोक स्वतःच्या मनाने, महिनोन्‌महिने ती घेत होते, हा परंपरेतील प्रयोग नव्हे. "ॲलोपॅथीच्या गोळ्यांनीही यकृत बिघडते." बिघडते खरे, पण दुसऱ्याच्या दोषाने आपले निर्दोषत्व सिद्ध होत नाही. "हे आयुर्वेदद्वेष्ट्यांचे कारस्थान आहे." बोलणारा कोण हे पाहिले, बोलणे खरे की खोटे हे पाहायचे राहून गेले. वनस्पतीच्या ओळखीविषयीचा प्रश्न मात्र रास्त होता. तथापि, तो शोध घेण्याचे कारण होता, निर्धोकपणाचा पुरावा नव्हता.

दुसऱ्या बाजूचे युक्तिवादही निर्मळ नव्हते. सहा रुग्णांवरून अपाय संभवतो एवढे कळते, तो किती जणांना होतो हे कळत नाही. गुळवेल घेणारे एकूण किती, हे माहीत असल्याखेरीज तिला सरसकट विष ठरवणे आणि तेवढ्यावरून साऱ्या आयुर्वेदाला धोकादायक म्हणणे, हाही हेत्वाभासच. परंतु प्रतिपक्षाचे दोष मोजण्यात आपण तरबेज आहोतच. म्हणून माझा आग्रह स्वतःच्या दोषांविषयी आहे.

कारण येथे पणाला लागते ते वादातील जय नव्हे, रुग्णाचे यकृत. "यात अपाय नसतोच" असे ज्याने आधीच ठरवले, तो डोळे पिवळे झालेल्या रुग्णाला आणखी आठ दिवस तेच औषध चालू ठेवायला सांगेल. नीट योजलेले विषही औषध होते आणि चुकीचे योजलेले औषधही विष ठरते, ही चरकाचार्यांचीच शिकवण आहे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना नम्र सूचना अशी, की अपायाची तक्रार येताच उत्तर देण्याची घाई करू नये. औषध थांबवावे, रुग्णाची तपासणी करवून घ्यावी आणि चौकशी करावी : कोणते औषध, कोणत्या बॅचचे, किती मात्रेत, किती दिवस, सोबत आणखी काय घेतले, पूर्वीचा विकार कोणता? शिल्लक औषध जपून ठेवावे आणि आयुषच्या औषध-दक्षता केंद्राला कळवावे. 'गुण आला' हे सांगणाऱ्या ग्राहकालाही हेच प्रश्न विचारावेत.

तद्विद्यसंभाषेची परंपरा सांगणाऱ्यांनी स्वतःच्या बाजूचा अहेतु प्रथम ओळखावा. तो आपण ओळखला नाही, तर रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागेल.